मधले वीस फूट

मंगळवार, ४ जून

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुम्ही दोघी बऱ्या असाल, आणि दादाचं जहाजही सुखरूप कुठल्यातरी बंदरात असेल, असं धरून चालते.

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस तर पत्र न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता दुकानातल्या केकवर नावं लिहिणाऱ्या मुलीकडून लिहून घेतला. तुमच्या इमारतीचं नाव एवढं वळणदार आलंय ते त्यामुळे. सहा वर्षांनी लिहिते आहे. फोनही करून पाहिला, पण तो तुझ्याकडे लागत नाही. का लागत नाही ते मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मी अजून त्याच बेकरीत आहे. पहाटे पाचला कणीक मळायचं मशीन चालू करते, दुपारी दोनला सुटते. भट्टीवाले काका अजून आहेत, अजून तेवढेच बोलतात. आता मालकांनी नवी भट्टी घेतली आहे, बटणांची. काका तिच्याकडे सवत आल्यासारखे बघतात.

तब्येत म्हणशील तर वर्षभर जरा कुरकुर चालू आहे. आधी जिना चढताना धाप लागायची. मग ट्रे उचलताना हात थरथरायला लागले. काका म्हणाले, "अगं, तुझ्या तोंडाला पीठ लागलंय, पूस." मी पुसलं. पीठ नव्हतंच, माझा रंगच तसा झाला होता. मार्चमध्ये एकदा बनांचा ट्रे हातात असताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि सत्तर बन आणि मी असे सगळे एकदमच फरशीवर गेलो. तेव्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहा. तपासणारा मुलगा म्हणाला, "बाई, तुम्ही चालत आलात?"

लोहाच्या गोळ्या झाल्या, रक्ताच्या बाटल्या चढवून झाल्या. चढवलं की महिनाभर बरं, मग पुन्हा सहावर. तोंडातून नळी घालून पाहिलं, खालूनही पाहिलं. पहिले डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "तुमचं पोट काचेसारखं स्वच्छ आहे." मीही खूश झाले. पंधरा दिवसांत पुन्हा आडवी.

आता मोठ्या दवाखान्यातल्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाते. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. वरची नळी जठराच्या जरा पुढं जाऊन थांबते. खालची नळी मोठ्या आतड्यापर्यंत जाते. "आणि यांच्या मधे लहान आतडं आहे, वीस फूट. तिथं अजून कुणी पाहिलेलंच नाही. रक्त वर जात नाही, खाली जात नाही, म्हणजे मधे जातंय."

मग त्या एकदम म्हणाल्या, "तोंड उघडा." बॅटरी घेऊन गालाच्या आतून बराच वेळ पाहत राहिल्या. "हे काळे ठिपके कधीपासून?"

"लहानपणापासून."

"ओठांवरही होते?"

"होते."

"घरात आणखी कुणाला आहेत?"

मी सांगितलं, वडिलांना असतील, ते आता नाहीत. त्यांनी लिहून घेतलं आणि पेन तसंच धरून पुन्हा विचारलं, "आणखी कुणाला?" मी पाणी मागितलं.

पुढच्या आठवड्यात मला एक गोळी गिळायची आहे, जिच्यात कॅमेरा असतो. पोटातला सिनेमा! तिकीट मात्र एकाच प्रेक्षकाला, डॉक्टरीणबाईंना.

बिट्टी आता आठ वर्षांची झाली असेल. जेवते का नीट? तिचं पोटबिट दुखतं का कधी? सहज विचारते आहे. बाकी कशाचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, तेवढं एक कळव. पोट दुखत असेल तर लवकर कळव.

तुझी,
नणंद


सोमवार, १७ जून

वहिनी,

उत्तर आलं नाही. हे पत्र कुरिअरनं पाठवते आहे, तुझी सही घेतल्याशिवाय देऊ नका असं सांगून. बाकी सगळं फाडून टाकलंस तरी चालेल, पण एवढं वाच.

बिट्टीच्या ओठांवरचे ठिपके ही एका आजाराची खूण असू शकते. तो आबांना होता, मला आहे. त्यात लहान आतड्यात द्राक्षासारख्या गाठी वाढतात. एखादी गाठ मोठी झाली की आतडं तिला पुढं ढकलायला जातं आणि स्वतःच स्वतःत शिरतं, मोजा उलटा करताना शिरतो तसं. मग कळा येतात, उलट्या होतात, आणि काही तासांत त्या भागाचा रक्तपुरवठा बंद होतो. मुलांमध्ये हे होतं. बिट्टीला लगेच लहान मुलांच्या पोटाच्या डॉक्टरांकडे ने. आणि त्याआधीच जर थांबून थांबून कळा आल्या, हिरवी उलटी झाली, पोट टणक लागलं, तर जवळच्या दवाखान्याची वाट धरू नकोस, मोठ्या रुग्णालयात जा. तिथं सांग, "आतडं आतड्यात शिरलं असेल, घरात आजार आहे." हेच शब्द सांग. गॅस आहे म्हणून कुणी घरी पाठवलं तर जाऊ नकोस.

आता वाटल्यास खाली वाच.

गोळीचं झालं ते असं. सकाळी उपाशीपोटी गेले. कमरेला पट्टा बांधला, खांद्यावर डबी अडकवली, आणि मोठ्या कॅप्सूलएवढी गोळी पाण्याबरोबर गिळली. ती दर सेकंदाला फोटो काढत जाते, डबी ते टिपून घेते. त्याआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "मुरडा येतो का? जेवल्यावर पोटात कळ?" मी नाही म्हटलं. वहिनी, मुरडा गेली दोन वर्षं येत होता. पण हो म्हटलं असतं तर आणखी तपासण्या निघाल्या असत्या, आणखी रजा. नाही म्हणायची मला सवयच आहे. कुणी काही विचारलं की आधी नाही, मग विचार.

गोळी दुसऱ्या दिवशीपर्यंत बाहेर पडायला हवी. पडली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी एक्स-रे काढला, तर पोटाच्या डाव्या बाजूला ती ठळक दिसत होती, होती तिथंच. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मला फोटो दाखवले. गुलाबी भिंती, मग एक छोटी गाठ, मग तीन, मग एक एवढी मोठी की सगळी वाटच अडलेली. तिच्या टोकावर व्रण, आणि व्रणातून रक्ताची बारीक रेघ. गोळी तिच्यापाशीच जाऊन अडकली होती आणि बॅटरी संपेपर्यंत त्याच गाठीचे फोटो काढत बसली होती.

त्या चिडल्या होत्या. आवाज चढवला नाही, पण शब्द एकेक करून टाकले. "तुम्ही मुरड्याचं खरं सांगितलं असतं तर आधी स्कॅन केला असता. ही गोळी मी तुम्हाला दिलीच नसती. तुमचं आतडं आत्ता पूर्ण बंद पडलं असतं तर?"

मग लांबलचक नळी, फुग्यावर फुगा फुगवत आतडं मोज्यासारखं गोळा करत जाणारी. दोन तास लागले म्हणे, मला भूल होती. गोळी काढली. लहान गाठी काढल्या. मोठीचा तुकडा तपासायला पाठवलाय.

आबांचं तुला दादानं सांगितलं असेलच. मी अकरा वर्षांची होते, दादा चौदाचा. आबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांच्या बोटांवर काळे ठिपके होते, ते शाईचेच, असं आम्ही सगळे समजायचो. मिशीखाली ओठांवर काय होतं ते आईनंही कधी नीट पाहिलं नसेल. पोटाला उशी दाबून बसायचे अधूनमधून. एका सोमवारी कामावरूनच त्यांना उचलून नेलं. आतड्याला पीळ पडला, असं सांगितलं गेलं आणि आम्हीही तीस वर्षं तसंच सांगत आलो. त्रेचाळीस वर्षांचे होते. मी आता एकेचाळीस.

तुझ्या आईच्या घरी त्या दिवशी जे झालं ते तू विसरली असशील, मी नाही. बिट्टी दोन वर्षांची, तुझ्या मांडीवर. तू तिचा ओठ अंगठ्यानं पुसून पुसून बघत होतीस, आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "जाईना बाई हे. आत्यावरच गेलीय, ताईंचं सगळं तोंड उचललंय हिनं." सगळे हसले. मी चपला घालून निघाले. शाळेत मला 'शाई प्यायलेली' म्हणायचे. जमत आलेलं एक लग्न त्या ठिपक्यांपायी मोडलं. अंगाला काही रोग आहे का, असं विचारणं आलं होतं. विसाव्या वर्षापासून गडद लिपस्टिक लावल्याशिवाय मी दाराबाहेर पडलेली नाही. हे तुला माहीत नव्हतं, नाहीतर तू तसं बोलली नसतीस, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी गेले, आणि परत आले नाही.

तू बोललीस ते अक्षर न् अक्षर खरं निघालं, एवढंच आता म्हणते.

सोबत माझी सगळी फाईल जोडली आहे. बिट्टीच्या डॉक्टरांना दे. दादाला बोटीवर निरोप पाठवला आहे, पण तो उत्तर देईपर्यंत थांबू नकोस.

ठिपकी


गुरुवार, ११ जुलै

वहिनी,

तुझं पत्र काल मिळालं. सोळा ओळी आहेत. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की आज सकाळी पिठात मीठ टाकायचंच राहिलं आणि शंभर ब्रेड अळणी निघाले. काकांनी एक तुकडा खाल्ला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घरी जा." म्हणून हे भर दुपारी, खिडकीपाशी बसून लिहिते आहे.

तू लिहितेस, माझं कुरिअर पोचलं त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी बिट्टी दप्तर भरता भरता वाकली. तुला वाटलं, नेहमीचंच. मग उलटी झाली, हिरवी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पोट चाचपून गॅस म्हटलं, आणि तू तिला तशीच उचलून रिक्षात घातलीस. मोठ्या रुग्णालयात तरुण डॉक्टर तुला बाहेर बसा म्हणाला, तेव्हा तू फाईल त्याच्या टेबलावर आपटून म्हणालीस, "आधी सोनोग्राफी करा, मग मला बाहेर काढा." वहिनी, हे वाक्य मी वाचलं आणि उठून उभी राहिले. तीन तासांत पोट उघडलं. वीतभर आतडं काळं पडलेलं होतं, ते काढलं. आणखी अर्धा दिवस गेला असता तर, असं सर्जननी म्हटल्याचं लिहून तू पुढं नुसती टिंबं दिली आहेस.

ती आता भात खाते, झोपाळ्यावर बसायचा हट्ट करते. हे तू लिहिलं नसतंस तरी मी तक्रार केली नसती. पण लिहिलंस.

आणि मग शेवटी तू विचारलंयस. लहान मुलांच्या डॉक्टरांनी माझी फाईल चाळली. त्यात डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय, 'ओठांवरील डाग तीन वर्षांपूर्वी लेसरने काढलेले.' त्यांनी तुला विचारलं, "मग डाग काढणाऱ्या डॉक्टरनं तेव्हाच काही सांगितलं नव्हतं का?" तू म्हणालीस, मला माहीत नाही. आणि मला विचारतेस, "ताई, तुम्हाला हे कधी कळलं?"

मी सगळी फाईल जोडली आहे असं लिहिलं होतं. ती एका पानानं कमी होती. ते पान या पत्राबरोबर आहे.

तारीख बघ. तीन वर्षं आणि दोन महिने.

त्वचेचे ते डॉक्टर म्हातारे होते. भिंगातून माझे ओठ पाहिले, मग बोटं पाहिली, मग गाल आतून. मी म्हटलं, "मला हे घालवायचेत, बाकी काही नाही." ते म्हणाले, "घालवून देतो. पण हे वरचं झालं. याच्याबरोबर पोटात गाठी असतात. आतड्याची तपासणी करून घ्या. भावंडं आहेत? त्यांना मुलं? त्यांनाही सांगा. मुलांना तर आधी सांगा." आणि मी ऐकत नाहीये असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी तेच सगळं कागदावर लिहून दिलं. खाली दोन रेघा मारल्या.

बिट्टी तेव्हा पाच वर्षांची होती.

मी ठिपके काढून घेतले. कागद घडी करून गादीखाली ठेवला. पोटाची तपासणी केली नाही. कारण विचारशील तर भीती वाटली, हे एक. ते खरं आहे, पण माझ्यापुरतंच. बिट्टीबद्दल का गप्प बसले, ते आता लिहिते, आणि लिहून झाल्यावर पुन्हा वाचणार नाही, नाहीतर खोडीन.

मी फोन केला असता तर तू म्हणाली असतीस, म्हटलं नव्हतं मी, आत्यावरच गेलीय? ते मला तुझ्या तोंडून पुन्हा ऐकायचं नव्हतं. हे पहिलं. दुसरं याहून वाईट आहे. मला वाटलं, तुझ्या मुलीला काही झालं तर तू कधीतरी माझ्या दारात येशील, विचारायला. तेव्हा मी सांगेन. तू येण्याची मी वाट बघत होते, वहिनी. पोरीला काय होऊ शकतं, हे कागदावर लिहिलेलं होतं, आणि मी आपल्या दोघींच्या भांडणात कोण आधी येतं ते बघत होते.

आणि एप्रिलमध्ये दादाचा फोन आला होता. मध्येच तो म्हणाला, "बिट्टी शाळेच्या नावानं पोट धरून बसते. डॉक्टर म्हणतात, नाटकं आहेत." मी काय बोलले सांगू? मी म्हटलं, "तुझ्याकडे हवा कशी आहे?" त्यानं हवेचं सांगितलं. त्या दिवसापासून तुझ्या त्या शनिवारपर्यंत अकरा आठवडे आहेत. मी मोजले.

माझं स्वतःचं रक्त सहावर आलं नसतं आणि डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला लावलं नसतं, तर मी तुला ते पहिलं पत्र तरी लिहिलं असतं का, मला माहीत नाही. आणि त्या पहिल्या पत्रातही मी काय केलं, तर सहज विचारते आहे असं लिहिलं. तू रागावलेलीस म्हणून नव्हे, ते पत्र पाहून बिट्टीला कुणी डॉक्टरकडे नेलं नसतं, कारण मी ते तसंच लिहिलं होतं.

आता बाकीचं पटकन सांगते. तुकड्याचा अहवाल आला. मोठ्या गाठीत कॅन्सर आहे. बावीस तारखेला ऑपरेशन. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली तेव्हाच मी ओळखलं. त्या म्हणाल्या, "तीन वर्षांपूर्वी पाहिलं असतं तर बहुतेक नुसती गाठ असती." त्यांना पानाचं तेव्हा माहीत नव्हतं. सहज बोलल्या. मी त्याच दिवशी त्यांना पानही दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. म्हणाल्या, "हे माझ्यापेक्षा तुमच्या भावजयीला आधी दाखवायला हवं." त्यावर चार दिवस गेले, आणि मग तुझं पत्र आलं. म्हणजे याही वेळी तू विचारल्यावरच.

माझं दुखणं तुझ्या रागाच्या आड यावं म्हणून हे लिहिलेलं नाही. तू विचारलंस ते कधी कळलं, त्याला लागूनच हेही येतं, म्हणून लिहिलं.

दादाला तपासायला लावायचं काम मात्र तुझं. बिट्टीला हे त्याच्याकडूनच आलं असणार. त्याच्या ओठांवर मिसरूड फुटेपर्यंत ठिपके होते, मग पुसट झाले. ओठांवरचे जातात, गालातले राहतात, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यानं गाल बाहेर ओढून आरशात पाहावं. माझ्या निरोपाला त्यानं 'उतरलो की बघू' असं उत्तर दिलंय. तो आमच्याच घरातला आहे, त्याचं 'बघू' म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. त्याच्या मागं लाग.

जिनं आधी कळवायला हवं होतं, ती


शुक्रवार, २ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

कालच घरी सोडलं. उभं राहिलं की टाके ओढतात, म्हणून पाठीमागे दोन उशा लावून, मांडीवर ट्रे घेऊन लिहिते आहे. ट्रे बेकरीतला आहे, काका देऊन गेले. स्वतः येऊन दारातूनच म्हणाले, "मीठ घालायला मी दुसरी बाई ठेवू दिलेली नाही." एवढं बोलून गेले.

तू रुग्णालयात आलीस तेव्हा मी अर्धवट झोपेत होते, तुला नीट काही सांगता आलं नाही. अहवाल परवा हातात आला. काढलेल्या आतड्याच्या कडा स्वच्छ आहेत. आजूबाजूच्या बारा बारीक रसग्रंथी तपासल्या, अकरांत काही नाही, एकीत कॅन्सर सापडला. तेव्हा सहा महिने सलाइनमधून औषध घ्यावं लागेल, या महिन्याच्या शेवटापासून. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "बरी होईन का?" त्या म्हणाल्या, "आशा धरायला जागा आहे. त्याहून जास्त आज बोलत नाही." मला ते बरं वाटलं. गोड बोलल्या असत्या तर घाबरले असते.

वहिनी, तू आलीस त्या दिवसाचं मला सगळं आठवतंय की मी काही गाळलंय, हे तपासून बघायला म्हणून लिहिते.

तू खुर्ची ओढलीस ती भिंतीपाशी, कॉटपासून लांब. पर्स मांडीवर घट्ट धरून बसलीस. शेजारच्या बाईंच्या पाहुण्यांनी तुला विचारलं, "तुम्ही बहीण का यांच्या?" तू म्हणालीस, "नाही." मग नर्स आली, माझे ओठ कोरडे पडलेत म्हणाली, आणि कापूस ओला करून तुझ्याच हातात देऊन गेली. तू तो कापूस धरून तशीच बसलीस. मग उठलीस. माझे ओठ ओले केलेस. मी डोळे मिटून घेतले, कारण तू माझ्या ओठांकडे बघत होतीस आणि आता तिथं काही नाही, हे तुला पहिल्यांदाच दिसत होतं.

"खूप दुखलं का," तू विचारलंस, "हे काढताना?"

मी म्हटलं, "नाही." मग म्हटलं, "हो. दुखलं."

तू कापूस फेकून आलीस आणि उभ्या उभ्याच बोललीस. तुझे शब्द मला पाठ आहेत. "ताई, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन की नाही ते मला माहीत नाही. तिला आत घेऊन गेले तेव्हा ती माझं बोट सोडत नव्हती, तेव्हा मला वाटलं, उशीर माझा झाला. मीच तिला नाटकं करते म्हणून दोन वेळा मारलं होतं. तीन आठवडे मी ते घेऊन फिरले. आणि मग तुमचं ते पान आलं." तू पर्स खांद्याला अडकवलीस. "मी ते पान जाळणार होते. नाही जाळलं. डॉक्टरांच्या फाईलला लावलं."

मी काही बोलले नाही. टाक्यांमुळे बोलवेना, असं लिहिणार होते, पण टाके पोटाला होते.

दारापर्यंत जाऊन तू परत आलीस. "सप्टेंबरात बिट्टीचं उरलेलं आतडं बघायचंय. तिलाही गोळी गिळायचीय. ती रोज विचारते, केवढी असते, घशात अडकते का, आत गेल्यावर हलते का. मला नाही सांगता येत. घरात ते माहीत असलेलं माणूस तुम्हीच आहात. तुम्ही या आणि सांगा."

औषधाचा पहिला हप्ता झाला की दोन आठवडे मोकळे असतात, मी विचारून घेतलंय. सप्टेंबरच्या नऊ तारखेला मी तुमच्याकडे येते. दुपारच्या गाडीनं. तुमच्या घरी राहायचं की जवळ कुठं खोली बघायची, ते तू कळव, दोन्हीला माझी तयारी आहे. केस गळायला लागले असतील तर तिला आधी सांगून ठेव, दचकायला नको.

तोवर तिला माझ्यातर्फे एवढं सांग. गोळी शेंगदाण्यापेक्षा मोठी आणि खारकेपेक्षा लहान असते. पाण्याबरोबर जाते. आत गेल्यावर काहीच कळत नाही. माझी अडकली होती, हेही सांग, लपवू नकोस. का अडकली ते मात्र मी तिच्यासमोर बसून सांगणार आहे. डॉक्टरांनी दुखतं का विचारलं, आणि आत्या नाही म्हणाली.

येते.

बिट्टीची आत्या